पाष्ट्यांच्या सत्यप्रती

दत्ताराम पाष्टे माझ्या घरी एकूण चौदा वेळा आले. चौदाही वेळा त्यांनी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

पहिल्यांदा माझी बायको म्हणाली, "उपास आहे म्हणतात. सोमवार ना आज." पुढे ते मंगळवारी आले, गुरुवारी आले, एकदा भर पौषातल्या एका साध्या बुधवारी आले. दर वेळी उपास. तिने केळं पुढे केलं, खजूर केला, शेवटी नुसतं तांब्याभांडं ठेवलं. पाष्टे हात जोडून म्हणायचे, "निर्जळी हाय, वहिनी." सहाव्या की सातव्या खेपेला ते गेल्यावर ती मला म्हणाली, "हा माणूस फक्त आपल्या घरापुरता उपास धरतो. तुमचं त्याच्याशी काय वाकडं आहे?"

मी म्हटलं, "काही नाही. माझ्या हाताखाली होता."

लग्नाच्या बायकोशी मी बोललेलं हे सगळ्यात मोठं खोटं. याहून मोठं एक आधीच बोलून झालं होतं, आणि ते कागदावर होतं. तेच सांगायला बसलोय.

मी टेलिफोन खात्यात ज्युनिअर इंजिनिअर म्हणून रत्नागिरीला लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि पाष्टे छत्तीसचे. ते लाइनमन. आज मी त्यांना 'ते' लिहितोय. तेव्हा 'अरे पाष्टे' म्हणत असे, आणि तसं म्हणताना मला काही वाटत नसे. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी. पाष्ट्यांच्या वाडीत शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा दोन डोंगर पलीकडे. बाप मुंबईत गिरणीत, घरी आई आणि दोन बैल. आठवीत त्यांनी सव्वा महिना चालत जाऊन पाहिलं, मग लावणीला सुट्टी घेतली ती कायमची. सतराव्या वर्षी खात्याच्या केबलीसाठी चर खणायला रोजंदारीवर आले. कातळात चर खणणं म्हणजे काय हे ज्याने खणलंय त्यालाच ठाऊक. त्या चरातून ते हळूहळू वर आले: आधी खांबावर, मग केबलच्या जोडावर.

ठेंगणा, काळाभोर, रुंद कपाळाचा माणूस. कमरेला तपासणीचा फोन आणि खिशात पेन्सिलीचा तुकडा, तोही तारेने बटणाला बांधलेला. "पेन्सिल पडली खड्ड्यात की गेली, आणि खड्डा बुजला की आठवण पण गेली," म्हणायचे. काही शिकवलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "परत सांगा." यात त्यांना कधी लाज वाटली नाही. तीनदा, चारदा, पाचदा सुद्धा. आणि एकदा डोक्यात शिरलं की कानाला फोन लावल्यासारखा हात नेऊन म्हणायचे, "लाइन क्लिअर."

त्यांचा जेवणाचा डबा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसलो होतो. झाकणाच्या आतल्या बाजूला भाताच्या पेजेने चिठ्ठी चिकटवलेली. तिच्यावर पाच इंग्रजी शब्द. भाताची वाफ लागून शाई पसरायची. "पसरायच्या आत पाठ झालं पायजे," ते म्हणाले. "नायतर आमटी भुरकताना वाचायचं काय?" रोज पाच शब्द, बायको चिकटवून देत असे. तिला इंग्रजी अक्षर येत नव्हतं, त्यामुळे कधी कधी चिठ्ठी उलटी असायची.

तेव्हा त्यांची दहावी चालू होती. सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून. दहावी झाली की खात्याची टेक्निशियनची परीक्षा देता यायची, आणि तिला वयाची अट चाळीस. सगळा हिशेब त्यांनी वर्षांत मांडून ठेवला होता. जोडाच्या खड्ड्यावर आम्ही ताडपत्रीचा तंबू बांधायचो. आत पाष्टे उकिडवे बसलेले, गुडघ्यावर इंग्रजीचं पुस्तक, पुस्तकाला केबलमधल्या जेलीचे डाग आणि रॉकेलचा वास. मी डिप्लोमा घेऊन आलो होतो, पण जोड कसा करतात ते मला माहीत नव्हतं. त्यांनी मला जोड शिकवला, मी त्यांना इंग्रजी. सौदा सरळ होता.

केबलमध्ये तारा जोडीजोडीने असतात आणि त्यांचे रंग ठरलेले असतात: ब्लू, ऑरेंज, ग्रीन, ब्राऊन, स्लेट. पाष्ट्यांना आलेलं पहिलं इंग्रजी हेच. एकदा मी विचारलं, "व्हॉट इज द कलर ऑफ द एलिफंट?"

"स्लेट," ते ताबडतोब म्हणाले.

"स्लेट नाही रे, ग्रे."

"ग्रे? तो कुठल्या जोडीत असतो?"

"केबलमध्ये नसतो तो. पुस्तकात असतो."

"मंग हत्ती काय पुस्तकात बघितलान् कोणी?" असं म्हणून ते इतके हसले की हातातली जोडी सुटली आणि पन्नास तारा परत पहिल्यापासून मोजाव्या लागल्या.

दहावीला इंग्रजीत अडतीस मार्क पडले. पेढे घेऊन पहिले माझ्याकडे आले. तेव्हा त्यांनी माझ्या खोलीवर चहा घेतला होता, दोन कप. हे मी मुद्दाम लिहितोय.

आता ती केबल.

गणपतीला आठ दिवस होते. शहराबाहेर, कातळावरून जाणाऱ्या रस्त्याला आम्हाला नवा चर मारायचा होता. त्याच रस्त्याखालून चारशे जोड्यांची मोठी केबल गेलेली. अशी केबल कुठून जाते ते कळावं म्हणून ठरावीक अंतरावर खुणेचे दगड पुरलेले असतात. नकाशात दगड होता, रस्त्याकडेला दगड होता. मी पावलं मोजली, केबल टाळून खणायच्या जागी चुना टाकला.

पाष्टे म्हणाले, "साहेब, ह्या दगडावर जाऊ नका. हा इथला न्हवं. बागवाल्याने उचललान् आणि आपल्या दगडी गडग्याच्या तोंडाशी रोवलान्, फाटकाला टेका म्हणून. केबल तुमी उभे आहात तिथनं जाते."

"नकाशात दगड आहे, पाष्टे."

"नकाशा आधीचा हाय. दगड नंतर हलला. तो चर मी खणलाय, साहेब. माज्या हातानी."

आजूबाजूला आठ मजूर उभे होते, मुकादम उभा होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "तुझ्या हातांपेक्षा माझा नकाशा बरा. खणा."

तिसऱ्या घावाला केबल तुटली.

शहराचा अर्धा भाग मुका झाला. दवाखाना, बँका, कचेऱ्या. गणपतीच्या तोंडावर मुंबईहून चाकरमान्यांचे फोन यायचे, कोण कुठल्या गाडीने येतंय, मखर कोणी करायचं. ते सगळं ठप्प. पाष्टे ताडपत्री टाकून खड्ड्यात उतरले आणि दोन दिवस वर आले नाहीत. चारशे जोड्या, एकेक रंग बघून, दोन्ही टोकांनी तपासून. त्यांची भाकरी वरून खाली सोडावी लागे.

ते खड्ड्यात जोड्या जुळवत होते तेव्हा मी वर कचेरीत पंख्याखाली बसून अहवाल लिहीत होतो.

माझं प्रोबेशन चालू होतं. यापेक्षा जास्त कारण मला तेव्हाही सापडलं नव्हतं, आजही सापडत नाही. मी लिहिलं, "सदर कर्मचाऱ्याने खुणेच्या दगडाबाबत चुकीची माहिती दिल्याने खोदकामाची जागा चुकली." अक्षर माझं पहिल्यापासून सुंदर. घरात मास्तरांनी काठी घेऊन वळवलेलं. वरच्या साहेबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या आडनावाकडे पाहिलं, आणि विश्वास ठेवला. मजुरांना कोणी विचारलं नाही. मुकादमाने आपणहून सांगितलं नाही.

आठवड्याने हजेरीच्या खोलीत सगळ्यांसमोर तो अहवाल वाचून दाखवला गेला. पाष्टे टोपी हातात घेऊन उभे होते. वाचून संपल्यावर ते म्हणाले, "परत वाचा."

हेडक्लार्क गोंधळला. "कळलं नाही का?"

"नाय. परत वाचा."

परत वाचला. पाष्ट्यांनी हात कानाशी नेला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लाइन क्लिअर."

चौकशी लागली. चौकशी चालू असेपर्यंत परीक्षेचा फॉर्म पुढे जात नाही. ती लांबत गेली, एका साहेबाकडून दुसऱ्याकडे, आणि ती निकालात निघाली तेव्हा पाष्टे एक्केचाळीस वर्षांचे होते. ज्यांना त्यांनी जोड शिकवला ती पोरं टेक्निशियन झाली, सुपरवायझर झाली. पाष्टे लाइनमन राहिले, निवृत्तीपर्यंत.

चौकशी संपली त्या दिवशी कचेरीसमोरच्या टपरीवर मी उभा होतो. ते शेजारी येऊन उभे राहिले. चहा मागवला नाही. फक्त म्हणाले, "साहेब, तुमी माजी परीक्षा घालवलीत. आता मी परीक्षा सोडायचा नाय. आणि तुमाला पण."

मला वाटलं, रागावलेत, विसरतील.

काही वर्षांनी मला बढती मिळाली. राजपत्रित अधिकारी झालो. ज्यांना या प्रकाराची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो: त्या काळी कुठल्याही कागदाची झेरॉक्स कुठे द्यायची तर अशा अधिकाऱ्याने मूळ कागद बघून झेरॉक्सवर 'सत्यप्रत' असा शिक्का मारून सही करायची, तेव्हा तो कागद खरा. मला रबरी शिक्का मिळाला आणि चौथ्याच दिवशी संध्याकाळी दारात पाष्टे. पांढरा शर्ट, काखेत प्लॅस्टिकची फाइल. बारावीची मार्कलिस्ट, संगणकाच्या एका कोर्सची, आणि बी.ए.च्या पहिल्या वर्षाची. मुक्त विद्यापीठातून.

"सही हवी होती, साहेब."

मी शिक्का काढला, घाईघाईने सही करायला लागलो. त्यांनी हात पुढे करून कागद थांबवला.

"मूळ बघा आधी. सही करायच्या आधी खरं काय ते बघायचं असतं."

मी मूळ बघितलं. "मार्क वाचा," ते म्हणाले. मी वाचले, एकेक विषय, मोठ्याने. बायको स्वयंपाकघराच्या दारातून कौतुकाने ऐकत होती. "अय्या, या वयात! बघा, शिका काहीतरी," ती मला म्हणाली.

शहरात सही देणारे निदान वीस अधिकारी होते. त्यांच्या वाडीहून जवळ पडणारे पण होते. ते माझ्याकडेच यायचे. माझी दापोलीला बदली झाली तेव्हा, खरं सांगतो, मी सुटल्याचा श्वास टाकला. तिथे रेल्वे नाही, दोन एसट्या बदलून यावं लागतं. जूनमध्ये बी.ए.चा निकाल लागला आणि दुसऱ्याच आठवड्यात ते दारात, अंगावर प्रवासाची धूळ, फाइल तीच. "उपास हाय, वहिनी." शिक्का, सही, मार्क मोठ्याने. दहा मिनिटांत परत स्टँडवर. पाच तास येणं, पाच तास जाणं, दहा मिनिटांसाठी.

खेडला होतो तेव्हा आले. परत रत्नागिरीला आलो तेव्हा आले. मराठीचं एम.ए. केलं त्यांनी. इलेक्ट्रॉनिक्सचा प्रमाणपत्राचा कोर्स केला, त्याचं पुस्तक माझ्या डिप्लोमाच्या पुस्तकापेक्षा अवघड होतं, मी चाळून पाहिलं. एम.ए. झाल्यापासून माझ्याशी ते फक्त छापील मराठीत बोलायला लागले. वाडीची बोली माझ्यासाठी बंद. "सदर प्रतीवर आपली स्वाक्षरी अपेक्षित आहे," असं म्हणायचे आणि वाट बघत उभे राहायचे. मी त्यांना बसा म्हणायचो तेव्हा "उभा राहण्याचा सराव आहे" म्हणायचे.

मग सरकारचा नियम बदलला. आता ज्याने त्याने आपली झेरॉक्स आपणच साक्षांकित करायची. मी मनात म्हटलं, झालं, संपलं. त्या वर्षीही ते आले.

"पाष्टे, आता माझी सही लागत नाही."

"नियम बदलला. मी बदललो नाही."

"अहो, शिक्क्याचा पॅडसुद्धा वाळलाय."

त्यांनी खांद्यावरच्या शबनम पिशवीत हात घातला आणि नवाकोरा शाईचा पॅड काढून टेबलावर ठेवला. वेष्टनसुद्धा काढलेलं नव्हतं. "आपणच उघडा," म्हणाले. तेव्हा मला त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा मजा दिसली. स्वच्छ, थंड मजा. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं, रडणाऱ्याची समजूत काढता येते. मजा घेणाऱ्यापुढे काय करायचं?

तेराव्या खेपेला ते निवृत्त होऊन तीनेक वर्षं झाली होती. फाइलीतून कागद काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. माझंच अक्षर. जुनं, सुंदर, काठीने वळवलेलं. "सदर कर्मचाऱ्याने खुणेच्या दगडाबाबत..."

"कुठून मिळाला?"

"माहितीच्या अधिकारात. त्या कायद्याचा छोटा अभ्यासक्रम पूर्ण केला. चौथ्या अर्जाला सापडला. ही खात्याने दिलेली प्रत, आणि ही तिची झेरॉक्स. सत्यप्रत करून हवी आहे."

बायको आत कुकर लावत होती. शिट्टी झाली. मी मूळ बघितलं, झेरॉक्स बघितली. अक्षर न् अक्षर तेच. एक शब्द बोललो असतो तर तिथेच संपलं असतं. पाष्टे उभेच होते. त्यांनी घाई केली नाही, मदतही केली नाही. "वाचा," म्हणाले. मी वाचलं. मार्क वाचायचो तसंच, फक्त हळू, कुकरच्या आवाजाखाली.

आणि मग मी शिक्का मारला. सत्यप्रत. खाली सही केली, तारीख घातली.

पाष्ट्यांनी शाई वाळेपर्यंत कागद हवेत धरला. "आभारी आहे," म्हणाले आणि गेले. त्या दिवशी मला कळलं, की माझ्यापुढे ते दर वेळी एक दार उघडं ठेवून उभे राहत होते आणि दर वेळी मी सही करून ते लावून घेत होतो. चौदाव्या खेपेला ते आले तेव्हा इंग्रजी टायपिंगचं साधं प्रमाणपत्र होतं. त्या कागदाबद्दल चकार शब्द नाही.

दोन वर्षांनी मी मुदतीआधी निवृत्ती घेतली. शिक्का कचेरीत जमा केला. पाष्टे यायचे थांबले. आता सुटलो म्हणावं, तर मी दर जूनमध्ये निकालाच्या दिवसांत दाराकडे बघत बसायला लागलो. यंदाच्या जूनमध्ये बायकोने विचारलं, "कोणाची वाट बघताय?" आणि मी तिला सगळं सांगितलं. मखरापासून शिक्क्यापर्यंत. भाजी चिरता चिरता तिने ऐकलं. सुरी खाली ठेवली.

"म्हणजे उपास बरोबर होता," ती म्हणाली. मग कोरा कागद आणून दिला. "लिहा. माझ्यासमोर."

मी लिहिलं. एक पान. काय झालं, कोण काय म्हणालं, कोणी चुना टाकला, कोणी अहवाल लिहिला. खाली नाव.

संगमेश्वराच्या आतल्या बाजूला त्यांची वाडी. एसटी नाक्यावर उतरवते, तिथून वीस मिनिटं चाल. घर सापडायला अडचण पडली नाही, "मास्तरांकडे ना?" असं तीन जणांनी विचारलं. पावसाने उघडीप दिली होती; अंगणात त्यांची बायको राहिलेली कोकमं वाळत घालत होती. मी नाव सांगितलं. तिने हात पदराला पुसले आणि मला नीट निरखून पाहिलं.

"तुमीच काय ते? तुमचं नाव आमच्या घरात रोज घेतात."

"रोज?"

"हे अभ्यासाला बसायचे तवा. देवाच्या आधी तुमचं." तिच्या आवाजात राग नव्हता. सवय सांगावी तसं सांगितलं तिने. "जावा, शाळेच्या पडवीत हायत. वर्ग चाललाय."

ज्या सातवीच्या शाळेतून पाष्टे बाहेर पडले त्याच शाळेच्या पडवीत दुपारी त्यांचा वर्ग भरतो. ज्यांची शाळा लावणीला सुटली आणि परत भरली नाही अशांचा. आधी वाचायला शिकवतात, मग मोबाइल, मग मोबाइलवर सातबारा कसा काढायचा ते. पायरीशी चपला काढताना मी थबकलो. पायरीला लागून खुणेचा दगड पडला होता, खात्याची कोरलेली अक्षरं अजून दिसत होती. रस्ता रुंद झाला तेव्हा बागवाल्याचा तो गडगा पाडला असणार. हा त्यांनी उचलून आणला असणार, एसटीत की कोणाच्या टेम्पोत, देव जाणे. त्याच्यावर छत्र्या टेकून ठेवल्या होत्या.

आत अकरा जण. बहुतेक बाया, दोन-तीन म्हातारे. पाष्टे फळ्याशी. केस पूर्ण पांढरे, पेन्सिल अजून तारेने बटणाला. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वाचला. परत वाचला. सगळ्यांसमोर, शांतपणे, मला उभं ठेवून.

"अक्षर अजून चांगलं हाय," ते म्हणाले. कितीतरी वर्षांनी माझ्याशी बोलीत बोलले. मला वाटलं, आता हात पुढे करतील.

त्यांनी कागद पहिल्या रांगेतल्या म्हातारीच्या हातात दिला. "भागीरथीआजी, आजचा धडा. वाच."

मला म्हणाले, "मागं बसा, साहेब."

भागीरथीआजी सत्तरीच्या पुढच्या असाव्यात, वाचायला शिकून सहा महिने झालेले. बोट ओळीखाली धरून त्या वाचू लागल्या. "के... ब... ल. केबल. तु... ट... ली." जोडाक्षराला अडायच्या, मागे जायच्या, परत यायच्या. मी एका दमात लिहिलेलं वाक्य त्या अक्षर अक्षर करून सोडवत होत्या. "चु... चुकी... चुकीची. मा-हि-ती." "परत वाच," पाष्टे म्हणायचे, आणि त्या परत वाचायच्या. वर्गातले सगळे ओठ हलवत होते. एक पान वाचायला अर्धा तास लागला. मी मागच्या बाकावर गुडघे वर घेऊन बसलो होतो, पोरांच्या मापाचा बाक तो.

त्या शेवटच्या ओळीशी आल्या. "आपला... नाय, नुसतं नाव हाय. सु-धा-क-र. सुधाकर. राम... चंद्र. रामचंद्र. आ... ठ... ल्ये." त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "मास्तर, ह्यात त्यो लाइनमन तुमीच काय?"

"होय."

"आणि ह्यो आठल्ये? जित्ता हाय का मेला?"

पाष्ट्यांनी खडूने माझ्याकडे दाखवलं. "त्यांना विचार."

अकरा माना वळल्या. मी उभा राहिलो. बाकाला गुडघा लागला.

"जिवंत आहे," मी म्हटलं. "मीच तो."

भागीरथीआजींनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. लिहिलेलं आणि उभं असलेलं ताडून बघावं तसं. मी पाष्ट्यांकडे वळलो. काय म्हणायचं होतं ते आता आठवत नाही, माफीचंच काहीतरी असणार. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही.

"प्रती किती आणल्यात?"

"एकच."

"वर्गात अकरा जण हायत. एका कागदावर किती जण वाचणार? नाक्यावर झेरॉक्स हाय. आणा."

मी गेलो. वीस मिनिटं खाली, वीस मिनिटं वर, उन्हात. झेरॉक्सवाल्याने एकावर एक अकरा कागद काढले. पहिला कागद निघाला तेव्हा माझा हात सवयीने खिशाकडे गेला, पेनाकडे.

परत आलो. पाष्ट्यांनी गठ्ठा घेतला, मोजला, वाटला. भागीरथीआजींच्या हातातला मूळ कागद काढून घेऊन आपल्या प्लॅस्टिकच्या फाइलीत सरकवला, सगळ्या मार्कलिस्टांच्या वर. मला बसा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. पाणी विचारलं नाही. मीही मागितलं नाही. तो हक्क मला नव्हता.

"सगळ्यांनी एकदम. आणि हा धडा पाठ होईस्तोवर रोज हाच," ते वर्गाला म्हणाले. "वरपासनं. लाइन क्लिअर?"

मी चपला घातल्या. दगडावरच्या छत्र्यांपैकी एक घसरून पडली होती, ती उचलून परत टेकवून ठेवली. पडवीच्या खांबाआडून शेवटचं दिसलं ते असं: पाष्टे हात पाठीमागे बांधून दोन रांगांमधून चाललेले, एकेकाच्या खांद्यावरून वाकून बघत, कोणाचं बोट चुकलं तर उचलून बरोबर अक्षरावर ठेवत.

नाक्यापर्यंतच्या उतारावर बराच वेळ आवाज ऐकू येत होता. अकरा जण, प्रत्येक जण वेगवेगळ्या ओळीवर. कोणी केबलशी अडलेलं, कोणी दगडाशी. कोणीतरी घाई करून शेवटाला पोचलं होतं आणि माझ्या आडनावाच्या जोडाक्षराशी पुन्हा पुन्हा अडखळत होतं.